स्पर्धेतील यंत्रमानव आणि दुरुस्तीसुलभतेचा विचार

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांचा इतिहास बहुधा कल्पकतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हे चित्र अपुरे आहे. या स्पर्धांच्या नियमांनी कल्पकतेहून निराळा असा एक गुण घडविला. यंत्र बिघडणारच असे गृहीत धरून, ते सत्वर दुरुस्त होईल अशी त्याची रचना करणे, हा तो गुण होय.

प्रारंभी त्याची निकड नव्हती. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये वुडी फ्लॉवर्स यांनी यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमाला स्पर्धेचे रूप दिले. विद्यार्थ्यांस सारखेच साहित्य मिळे व सत्राच्या अखेरीस यंत्रांचा सामना होई. यंत्राचे आयुष्य तेवढेच. डीन केमन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था स्थापिली व १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. तिच्या पुढील वाटचालीत परिस्थिती पालटली. एकाच यंत्राला थोड्या थोड्या अवकाशाने अनेक सामने खेळावे लागू लागले. शिवाय सुमारे सहा आठवड्यांच्या बांधणीनंतर यंत्र बंदिस्त करून ठेवण्याचा नियम २०१९ पर्यंत होता. अर्थात मोठ्या सुधारणेस वाव उरत नसे. उरे ती दोन सामन्यांमधील दुरुस्ती.

यामागील गणित साधे, परंतु कठोर आहे. ज्या यंत्राचे दहा भाग एकमेकांवर अवलंबून आहेत, त्यातील प्रत्येक भाग शंभरांपैकी ९५ वेळा नीट चालत असला, तरी संपूर्ण यंत्र सुमारे ६० वेळाच नीट चालते. म्हणून भागांची संख्या घटविणे हा विश्वसनीयतेचा पहिला मार्ग ठरतो. दुसरा मार्ग सुगमतेचा. बॅटरी काहीही न उकलता काढता यावी. स्क्रू शक्यतो एकाच मापाचे असावेत. तारांवर खुणा असाव्यात. चाकांचा वा हाताचा संच अखंड काढून तयार ठेवलेला दुसरा बसविता यावा. यांपैकी एकही युक्ती प्रेक्षकांस दिसत नाही. परंतु तिच्या अभावी उत्तम कल्पनाही मैदानात निश्चल उभी राहते.

आशियातही हाच अनुभव आला. जपानमध्ये एनएचके या प्रसारण संस्थेने १९८८ साली तंत्रमहाविद्यालयांसाठी 'रोबोकॉन' सुरू केली. २००२ पासून आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागली. २००८ साली ती पुण्यात झाली, तेव्हा विषय दहीहंडीचा होता. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली. पेटीत बंद होऊन परदेशातून आलेले यंत्र जुळविणे आणि सामन्यापूर्वी अवघ्या एका मिनिटात मांडणे, या दोन्ही गोष्टी रचनेच्या सुगमतेवरच अवलंबून असतात.

सारांश, या स्पर्धांचे शैक्षणिक मूल्य केवळ विजयावरून मापणे योग्य नव्हे. यंत्र निर्माण करणाऱ्याने ते सांभाळणाऱ्याचाही विचार करावा, हा धडा वर्गात क्वचितच मिळतो; आणि स्पर्धेत निर्माता व दुरुस्ती करणारा एकच असल्याने तो टाळता येत नाही.