रस्त्यांच्या पाट्या

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, नाणी आणि मूर्ती येतात. आज मी सांगणार आहे ते रस्त्यांच्या पाट्यांवर उभ्या राहिलेल्या एका संग्रहालयाविषयी. ते दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊन शहरात आहे.

१८६७ साली तेथील नगरपालिकेच्या एका भागाला ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’, म्हणजे सहावा विभाग, हे नाव पडले. बंदर जवळ असल्याने मुक्त झालेल्या गुलामांची मुलेबाळे, गोदी कामगार, कारागीर, छोटे दुकानदार आणि दूरदेशचे लोक तेथे एकत्र नांदू लागले. वर्णभेदी सरकारला हेच खुपले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी, १९५० च्या वर्णवार वस्त्यांच्या कायद्याखाली, हा भाग केवळ गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाला. १९८२ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसे शहराबाहेरच्या रेताड माळावर धाडली गेली. घरे जमीनदोस्त झाली. चर्च आणि मशिदी तेवढ्या उरल्या.

१९८८ साली जुन्या रहिवाशांनी व कार्यकर्त्यांनी परिषद भरवून संग्रहालयाचा ठराव केला. १० डिसेंबर १९९४ रोजी एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये ते उघडले. पहिले प्रदर्शन रस्त्यांचे होते, तेही दोन आठवड्यांपुरते योजलेले. त्यातल्या पाट्या कोणी जपल्या होत्या? पाडकामावर देखरेख करणाऱ्या एका माणसाने! ज्या हाताला पाडण्याची मजुरी मिळत होती, त्याच हाताने त्या घरी नेऊन ठेवल्या. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरला होता. लोक येत, आपली गल्ली शोधत आणि जेथे घर होते तेथे नाव लिहीत. दोन आठवडे संपले, पण लोकांचे येणे संपले नाही.

पण केवळ आठवणींवर हे भागले नाही. १९९७ साली जमिनीच्या दाव्यांचे न्यायालय याच संग्रहालयात बसले. ११ फेब्रुवारी २००४ रोजी, बरोबर ३८ वर्षांनी, दोन वृद्धांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या आल्या. कित्येकांचे परतणे अजून व्हायचेच आहे.

आता एक कबुली देतो. आमच्या युनियनची कचेरी हलली, तेव्हा सभासदांची जुनी रजिस्टरे आम्ही रद्दीत घातली. विकणाऱ्यांत मीही होतो. पुढे एका विधवेला नवऱ्याच्या नोकरीचा पुरावा हवा होता. तो मी देऊ शकलो नाही. मालकाने इतिहास पुसला असे आम्ही भाषणांत सांगतो. तो इतिहास आम्ही किलोच्या भावाने विकला होता.

म्हणून विनंती एवढीच: घरी गेल्यावर ट्रंक उघडा. गिरणीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, चाळीची पाटी, जे सापडेल ते जपा. उद्या तो नुसता ठेवा राहणार नाही. एखाद्याच्या हक्काचा पुरावा ठरेल.