सव्वादोन रुपयांचा डॉलर : मुंबई टांकसाळीची वाटचाल

१९१८ सालचा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात दुर्मीळ नाही. लक्ष्मीपूजनाच्या तबकात तो असतो, सराफाच्या गल्ल्यामागच्या डब्यात असतो, आजीच्या गाठल्यातून निघालेला, टाका लावलेला असाही सापडतो. नाण्यांचा नाद असलेली मंडळी त्याकडे सहसा वळून पाहत नाहीत. मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून त्या एका वर्षात चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले, पुढच्या वर्षी त्याहूनही जास्त. एवढ्या मुबलक नाण्याचे कौतुक कोण करणार? माझ्या मते मात्र मुंबईच्या टांकसाळीच्या वाटचालीतला सर्वांत विलक्षण टप्पा याच रुपयात आहे. त्या काळात या रुपयांसाठी जी चांदी आली तिच्यातला फार मोठा वाटा अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतले जुने डॉलर वितळवून आलेला होता.

टांकसाळीची सुरुवात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या अगदी पहिल्या दिवसांपर्यंत मागे जाते. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात, १६७०च्या दशकात, इथे चांदी, तांबे आणि कथिल यांची नाणी पडू लागली. लोकांनी त्यांना फारशी दाद दिली नाही. दख्खनेत आणि गुजरातेत मुघली धाटणीचा रुपयाच चाले, म्हणून कंपनीलाही पुढे बादशहाच्या नावाचे रुपये पाडावे लागले. आमच्या नगरकडे तर स्वतःची टांकसाळ होती. निजामशाहीत इथे तांब्याची नाणी पडत. १६०० साली अकबराच्या फौजेने किल्ला घेतल्यावर अहमदनगरचे नाव चांदीच्या मुघली रुपयावर आले. ही सगळी हातोड्याने ठोकलेली नाणी. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकुराचा एखादाच तुकडा नाण्यावर उतरे. कुठे गावाचे नाव अर्धे, कुठे साल कापलेले.

१८१८ मध्ये नगर जिल्हा इंग्रजांकडे गेला तेव्हा बाजारात अंकुशी, चांदवडी, सुरती असे किती तरी रुपये एकत्र फिरत होते. प्रत्येकाचा कस वेगळा, वजन वेगळे आणि सराफाचा वटाव वेगळा. शेतसारा भरायला आलेल्या कुणब्याला आपल्या हातातला रुपया किती आण्यांचा हे सराफ सांगे तेव्हाच कळे. हा घोळ निस्तरण्याचे काम मुंबईच्या नव्या टांकसाळीने केले. बॉम्बे इंजिनिअर्सच्या हॉकिन्स नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ ते १८२९ या काळात फोर्टमध्ये टाउन हॉलजवळ ती इमारत उभी केली. आत बोल्टन आणि वॅट यांच्या कारखान्यातली वाफेची तीन इंजिने बसवली गेली, दिवसाला दीड लाख नाणी पाडता यावीत या हिशेबाने. १८३५च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरला : १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणजे बरोबर एक तोळा. ‘रुपयाभार’ हे माप घराघरांत बसले ते यामुळेच. यंत्राने पाडलेल्या या कलदार रुपयाची कड खाचांची असल्याने ती कोणी कातरली तर लगेच कळे.

पुढची साठ-सत्तर वर्षे मी झरझर ओलांडतो. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीचे दार लोकांसाठी बंद केले. तोवर कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे, नंतर ते फक्त सरकारच्या हाती राहिले. १८९५ पासून मुंबईत पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिश डॉलरही पडू लागले. त्रिशूळ धरलेल्या ब्रिटानियाचे हे मोठे नाणे हाँगकाँग, सिंगापूरकडे जाई. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर ‘बी’ हे बारीक अक्षर दिसले की ते मुंबईचे. डॉलर आणि ही टांकसाळ यांची ओळख अशी आधीपासूनची होती.

मग पहिले महायुद्ध आले. हिंदुस्थानातून ताग, कातडी, धान्य भरभरून बाहेर जात होते, मेसोपोटेमियातल्या फौजेचा पगार रुपयांत द्यावा लागत होता, आणि बदल्यात येणारे सोने-चांदी मात्र आटले होते. नगरच्या छावणीत तेव्हा जर्मन कैद्यांची मोठी नजरकैद होती, गावोगावची पोरे पलटणीत गेली होती. मनीऑर्डरीने येणारे पैसे घरच्यांना रोख चांदीतच हवे असत. चांदीचा भाव चढतच गेला. लंडनमध्ये १९१५ साली औंसाला २७ पेन्सच्या आसपास असलेली चांदी सप्टेंबर १९१७ मध्ये ५५ पेन्सवर गेली. ४३ पेन्सच्या वर गेली की रुपयातली चांदी सोळा पेन्स या त्याच्या ठरलेल्या किमतीहून महाग पडे, म्हणजे रुपया चालवण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे. लोकांनी रुपये दडवले यात नवल नाही. सरकारने १९१७च्या अखेरीस एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट काढली. पण मार्च १९१८ मध्ये फ्रान्समधल्या जर्मन चढाईच्या बातम्या येताच नोटा घेऊन रुपये मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. त्या वेळी चांदीचा साठा संपला असता तर नोटेवरचा विश्वासच उडाला असता.

सुटका अमेरिकेतून झाली. नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाचा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी मंजूर झाला. तिजोरीत पडून असलेले ३५ कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवण्याची मुभा त्याने दिली. प्रत्यक्षात २७,०२,३२,७२२ डॉलर वितळले आणि त्यांतले २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली गेली. अमेरिकी डॉलरमध्ये २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी, आपल्या रुपयात १०.६९ ग्रॅम. भागाकार करून पाहा, एका डॉलरात नेमके सव्वादोन रुपये बसतात. म्हणजे या चांदीतून जवळपास ५८ कोटी रुपये पडू शकत होते. या चांदीची वाट पाहण्याच्या काळात मुंबईत आणखी एक धावपळ झाली. रॉयल मिंटची शाखा इथे उघडून १९१८ सालचे तेरा लाखांच्या आसपास सोन्याचे सॉव्हरिन पाडले गेले आणि पंधरा रुपयांची सोन्याची मोहोरही निघाली. हे सॉव्हरिन ‘आय’ या बारीक अक्षरावरून ओळखतात.

इथून गोष्ट अमेरिकी संग्राहकांच्या दारात जाते. वितळलेले डॉलर मुख्यतः मॉर्गन डॉलर होते, १८७८ ते १९०४ या काळातले. कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती वितळले याची नोंदच कोणी ठेवली नाही. त्यामुळे टांकसाळीच्या दप्तरातला आकडा आणि आज हयात असलेली नाणी यांचा मेळ बसत नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ सालचा डॉलर अशीच दुर्मीळ गोष्ट मानला जाई, किंमत दीड हजार डॉलरपर्यंत चढली होती. १९६२ मध्ये सरकारी तळघरातून त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर निघाल्या आणि भाव कोसळला. कायद्याने वितळलेल्या प्रत्येक डॉलरची भरपाई करणे बंधनकारक होते. म्हणून १९२१ मध्ये मॉर्गन डॉलर पुन्हा पडले आणि त्याच वर्षाच्या शेवटी पीस डॉलर सुरू झाला. अमेरिकेतले हौशी लोक हे डॉलर जपतात तेव्हा मुंबईतल्या रुपयाच्या टंचाईचे अपत्यच जपत असतात.

प्रत मोजण्याची त्यांची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी सेंटसाठी १ ते ७० असे प्रमाण मांडले. त्यामागे मूळ कल्पना किमतीची होती : सत्तर अंकाचे नाणे एक अंकाच्या नाण्याच्या सत्तर पट मोलाचे. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये हे प्रमाण सगळ्या नाण्यांना लावले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी नाणे तपासून, अंक देऊन, प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करून द्यायला सुरुवात केली. ६० किंवा त्यावरच्या अंकाचे नाणे न वापरलेले. पण हजार-हजाराच्या थैल्यांत डॉलर एकमेकांवर आपटत, म्हणून डॉलरवरच्या लिबर्टीच्या गालावर किती ओरखडे आहेत यावर ६३ की ६५ हे ठरते, आणि या दोन अंकांत किमतीचा मोठा फरक पडतो.

पंचम जॉर्जच्या रुपयालाही ही नजर लावता येते. मुकुट, दाढी, झग्यावरची साखळी आणि तिच्यातला हत्ती हे सगळे उंच भाग, झीज आधी तिथे दिसते. १९११ सालच्या रुपयावरचा हा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली. पाडलेल्या चौऱ्याण्णव लाखांपैकी सात लाखांच्या आसपासच बाहेर पडले होते, बाकीचे परत वितळवले आणि १९१२ मध्ये चित्र सुधारले. मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर रुपया मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. पण हातोड्याच्या मुघली रुपयाला, अहमदनगरचे नाव असलेल्या रुपयाला, सत्तरचे माप लावणे मला अन्यायाचे वाटते. तिथे गावाचे नाव आणि साल चकतीवर किती उतरले हे झिजेपेक्षा महत्त्वाचे असते. सराफाने कस पाहण्यासाठी मारलेला छापही इजा म्हणून मोजायचा नसतो, तो त्या रुपयाच्या प्रवासाचा दाखला असतो.

अमेरिकी चांदी दुसऱ्यांदा आली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, तरी टंचाई संपेना. नगरच्या किल्ल्यात नेहरू, आझाद आणि काँग्रेसचे इतर पुढारी कैदेत होते त्याच वर्षांत उधार-पट्ट्याने (लेंड-लीज) एकूण २२ कोटी ६० लाख औंस चांदी हिंदुस्थानला मिळाली. ही विकत घेतलेली नव्हती, औंसाला औंस परत करायची होती. १९४७ चा रुपया निकेलचा झाला, चलनातली निम्म्या चांदीची नाणी मागे घेतली गेली, आणि त्यांतली चांदी वेगळी काढण्यासाठी कलकत्त्यात खास रिफायनरी उभारावी लागली. फाळणीनंतरच्या दोन्ही देशांनी मिळून १९५७ पर्यंत हे कर्ज फेडले. ज्या नव्या देशाला परकीय चलनाची इतकी चणचण होती त्याने हे ऋण चांदीतच चुकते केले, याचा उल्लेख आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत व्हायला हवा.

मुंबईची टांकसाळ आजही त्याच जागी, रिझर्व्ह बँकेसमोर, काम करते. २००६ पासून ती भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगमाकडे आहे. नगरच्या संग्राहकांना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांचे झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ चा रुपया आता त्यात मोडतो, म्हणून अंक लावून घ्यायला तो अमेरिकेला धाडण्याचा विचार सोडावा. शेतात नांगराला लागलेली नाणी तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागतात. प्रत इथेच, भिंगाखाली, आपल्या डोळ्यांनी ठरवायला शिकावे. चिंच-राखेने घासू नये, टाका काढायला सोनाराकडे देऊ नये, आणि नाणे कोणत्या गावातून, कोणाच्या घरातून आले हे त्याच्या पाकिटावर त्याच दिवशी लिहून ठेवावे.