१९८४ : पडद्यासमोरून कॅमेऱ्यामागे

भारतात शिक्षण आणि दूरचित्रवाणी यांची मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती १ ऑगस्ट १९७५ रोजी, ‘साइट’ प्रयोगाच्या आरंभाने. नासाच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर कार्यक्रम पोहोचले. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी होती. प्रयोग भव्य होता. प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहत होता. तज्ज्ञांनी रचायचे आणि मुलांनी पाहायचे.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१बीच्या साहाय्याने ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. उच्च शिक्षण दूरवरच्या महाविद्यालयांपर्यंत गेले, तरी तेथेही विद्यार्थी मुख्यतः प्रेक्षकच राहिला.

त्याच वर्षी अहमदाबादेत वेगळेच काही घडत होते. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या संघटनेत अमेरिकी निर्मात्या मार्था स्टुअर्ट यांनी व्हिडिओची कार्यशाळा घेतली. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या स्त्रियाही होत्या आणि अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्या चित्रीकरण शिकल्या आणि स्वतःच्या श्रमांविषयी चित्रफिती बनवू लागल्या. अक्षरओळख नसलेली व्यक्तीही विचारांची सुसंगत मांडणी करू शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

कोणते दृश्य आधी, कोणते नंतर आणि काय गाळायचे, हे ठरवणे म्हणजेच रचना. विज्ञानात तर ती युक्तिवादाचेच रूप घेते. समजा, एखादी विद्यार्थिनी वरून सोडलेल्या चेंडूचे मोबाइलवर चित्रीकरण करते. सेकंदाला ३० चौकटी धरल्या, तर तीन चौकटींत, म्हणजे ०.१ सेकंदात, चेंडू सुमारे ४.९ सेंटिमीटर खाली येतो. सहा चौकटींत सुमारे १९.६. वेळ दुप्पट, अंतर चौपट. मात्र हे पाहणाऱ्याला पटावे, तर चौकटीत मोजपट्टी दिसली पाहिजे, कॅमेरा स्थिर असला पाहिजे आणि चेंडू सुटल्याचा क्षण नेमका हेरलेला असला पाहिजे. यातले एक जरी निसटले, तरी निष्कर्ष लंगडा पडतो. पुस्तकातील सूत्र पाठ करताना हे प्रश्न तिला पडले नसते.

आज कॅमेरा असंख्य विद्यार्थ्यांच्या खिशात आहे. त्यामुळे खरा प्रश्न साधनांचा कमी आणि मूल्यमापनाचा अधिक आहे. प्रकल्प म्हणून आलेल्या व्हिडिओत गुण पार्श्वसंगीताला आणि झळाळीला मिळाले, तर विद्यार्थी सजावट शिकतील. पुराव्याच्या मांडणीला मिळाले, तर ते विज्ञान शिकतील.