गोपनीय कागदाची कुळकथा

एखाद्या दाव्यात महत्त्वाचा पुरावा ठरू शकेल असा कागद सरकारच्या ताब्यात असतो आणि तो उघड केल्यास राज्याच्या हिताला बाध येईल असे सांगून सरकार तो हजर करण्याचे नाकारते, तेव्हा त्या नकारामागील हक्काला कायद्यात विशेषाधिकार म्हणतात. या हक्काचा इतिहास मुख्यतः एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे : गुपित कोणते हे ठरवण्यासाठी तो कागद कोणी पाहायचा, ज्या खात्याचा तो आहे त्या खात्याने, न्यायाधीशाने, की ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्या पक्षकाराने? सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या इतिहासात वेगवेगळ्या निमित्तांनी पुन्हा पुन्हा येतात.

त्यातले सर्वांत जुने निमित्त कोणत्याही पुरावा कायद्याच्या आधीचे आहे. छत्रपती प्रतापसिंह यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न केला, असा आरोप आल्यावर मुंबई सरकारने १८३६ साली साताऱ्यात एक गुप्त चौकशी मंडळ नेमले, ज्यात रेसिडेंट लॉडविक, कर्नल ओव्हन्स आणि सरकारचे सचिव विलोबी हे तिघे होते. आरोप ठेवणारे सरकार, चौकशी करणारे त्याचेच अधिकारी आणि जबान्यांचे कागदही त्याच सरकारच्या दप्तरात, अशी ही रचना असल्याने पुराव्याला उत्तर देण्याची पुरेशी संधी महाराजांना मिळाली नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी पुढे १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहून जो लढा दिला, त्यात निर्णयाइतकाच पुराव्याचाही प्रश्न होता. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत यावर वादळी चर्चा झाल्या आणि या प्रकरणाचे कागद छापून प्रसिद्ध झाले, परंतु गादी परत मिळाली नाही.

या विषयाला कायद्याची चौकट दिली ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने. त्याच्या कलम १२३ नुसार राज्यकारभाराविषयीच्या अप्रकाशित सरकारी दप्तरातून घेतलेला पुरावा संबंधित खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय देता येत नसे आणि ती परवानगी द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडलेले होते. कलम १६२ मात्र थोडे वेगळे वळण घेते. ज्याला कागद हजर करण्याचे समन्स निघाले आहे, त्याने हरकत असली तरी तो न्यायालयात आणलाच पाहिजे, हरकत योग्य की अयोग्य हे न्यायालय ठरवील आणि त्यासाठी न्यायालय तो कागद पाहूही शकेल, फक्त तो राज्याच्या बाबींविषयी असता कामा नये. म्हणजे हरकतीचा निवाडा न्यायाधीशाने करायचा, पण ज्यावरून निवाडा करायचा तो कागदच त्याने पाहायचा नाही, अशी अडचण या एका अपवादाने निर्माण केली. पुढची दीडशे वर्षे वकिलांनी आणि न्यायाधीशांनी मुख्यतः याच अपवादाशी झुंज घेतली आहे.

गुपित फोडण्याला शिक्षा सांगणारा कायदा ही याच कुळातली दुसरी शाखा होय. १८८९ च्या पहिल्या कायद्याची जागा पुढे १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने घेतली. ‘गुप्त’, ‘गोपनीय’ असे जे शिक्के नस्तीवर मारले जातात त्यांची व्याख्या या अधिनियमात नाही. ती प्रतवारी सरकारच्या अंतर्गत सूचनांनी ठरते, त्यामुळे केवळ शिक्का आहे म्हणून कागद न्यायालयाच्या दृष्टीने आपोआप गुपित ठरत नाही. कलम १४ नुसार अशा खटल्यात सरकारी पक्षाच्या अर्जावरून न्यायालय लोकांना सुनावणीबाहेर ठेवू शकते, मात्र शिक्षा उघड न्यायालयातच सुनावली पाहिजे.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाचा पहिला मोठा निर्णय साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. पेप्सू राज्यातील एका जिल्हा न्यायाधीशाला सेवेतून दूर करण्यात आले होते आणि त्याने आपल्या दाव्यासाठी लोकसेवा आयोगाचा अहवाल व मंत्रिमंडळाच्या बैठकीचे कागद मागितले होते. १९६० च्या अखेरीस बहुमताच्या वतीने गजेंद्रगडकरांनी असे ठरवले, की कागद राज्यकारभाराविषयीचा आहे की नाही याची चौकशी न्यायालय इतर पुराव्यावरून करू शकते, परंतु कागद पाहू शकत नाही, आणि तो उघड केल्याने हानी होईल का हे खातेप्रमुखानेच ठरवायचे. इंग्लंडमध्येही तेव्हा हीच रीत होती. १९३९ साली थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ जण दगावल्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी लावलेल्या दाव्यात पाणबुडीचे आराखडे दाखवण्यास नौदल खात्याने दिलेला नकार १९४२ मध्ये अंतिम मानला गेला होता, आणि ही भूमिका तिथल्या उमराव सभेने १९६८ मध्ये सोडली.

गजेंद्रगडकरांच्या निर्णयानंतर तीन वर्षांच्या आतच आज सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या देवराष्ट्रे गावचे सुपुत्र यशवंतराव चव्हाण एका प्रसिद्ध गोपनीय अहवालाचे जबाबदार मंत्री झाले. चीन युद्धातील अपयशाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली, आणि संरक्षणमंत्री म्हणून चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत त्यातील निष्कर्षांचा गोषवारा तेवढा मांडला. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकूम देण्याची व्यवस्था यांतील उणिवा त्यात मान्य होत्या. मूळ अहवाल मात्र मिटलेलाच राहिला आणि माहितीच्या अधिकाराखाली तो मागितला गेला तेव्हा केंद्रीय माहिती आयोगाने मार्च २०१० मध्ये मागणी फेटाळली. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ८ मध्ये लोकहित हानीपेक्षा मोठे असेल तर गोपनीयता कायद्याला न जुमानता माहिती देण्याची तरतूद आहे, परंतु तोलून पाहिल्यावर आयोगाला पारडे सुरक्षेकडे झुकलेले दिसले.

दरम्यान न्यायालयांनी कलम १६२ मधील अडसर सैल करत आणला होता. राजनारायण यांच्या निवडणूक याचिकेत पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेची ‘ब्लू बुक’ ही पुस्तिका मागितली गेली, तेव्हा १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शंका असल्यास न्यायाधीश स्वतः कागद पाहू शकतो. १९८१ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीविषयीचा कायदामंत्री व सरन्यायाधीश यांचा पत्रव्यवहारच उघड करण्यात आला. राफेल विमान-खरेदीच्या प्रकरणात वृत्तपत्रात छापून आलेल्या कागदांवर सरकारने सांगितलेला विशेषाधिकार २०१९ मध्ये नाकारला गेला.

न्यायाधीशाला कागद पाहता येऊ लागल्यावर त्याच वाटेने सीलबंद लिफाफा आला, म्हणजे सरकारने कागद पाकिटात घालून न्यायाधीशाला द्यायचा, त्याने तो वाचून निकाल द्यायचा आणि समोरच्या पक्षाला मजकूर कळायचाच नाही. ‘मीडिया वन’ या मल्याळम वाहिनीला गृह मंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली, म्हणजे तिला परवानगी देण्यास सुरक्षेच्या दृष्टीने हरकत आहे असे कळवले, आणि तिचे प्रसारण थांबले तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने असाच लिफाफा मान्य केला. ५ एप्रिल २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी तो निकाल रद्द केला. राष्ट्रीय सुरक्षा हे शब्द उच्चारल्याने न्याय्य सुनावणीचा हक्क संपत नाही, संवेदनशील भाग झाकून उरलेला कागद द्यावा, गोपनीयतेच्या दाव्याची छाननी करण्यासाठी न्यायालय-मित्र नेमावा आणि निर्णयाची कारणे उघड लिहावीत, असा मार्ग त्यांनी घालून दिला. न्यायालय-मित्र म्हणजे पक्षकाराचा नव्हे, तर न्यायालयाला साहाय्य करणारा वकील.

अमेरिकेत १९८० पासून वेगळा कायदा असून तिथे बचाव पक्षाच्या वकिलाची पार्श्वभूमी तपासून त्यालाच सुरक्षा मंजुरी देतात आणि ठरावीक खोलीत कागद वाचू देतात. भारतीय कायद्याने अशी व्यवस्था उभी केलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने कलम १२३ चे १२९ आणि १६२ चे १६५ असे नवे क्रमांक दिले, पण खातेप्रमुखाची मर्जी आणि राज्याच्या बाबींचा अपवाद हे दोन्ही जागच्या जागी ठेवले. त्यामुळे पक्षकाराच्या बाजूने जी काही सुधारणा झाली आहे ती न्यायालयीन निर्णयांतून आली आहे, आणि कायद्याच्या मजकुरात ती उतरत नाही तोवर प्रत्येक खटल्यात ती नव्याने मागावी लागणार आहे.