घरांत सांचलेली मोड

‘सोळा आणे खरें’, ‘पैपैचा हिशेब’, ‘कवडीमोल’, ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाहीं’ हे शब्दप्रयोग आपण नित्य करतों. परंतु ज्या आण्यावर, पैवर, कवडीवर व दमडीवर ते उभे आहेत, तें चलन आज व्यवहारांतून पार नाहींसें झालें आहे. नाणें गेलें तरी म्हण राहिली, यांत नवल नाहीं. कारण सामान्यांचा संसार मोहोरांवर कधींच चालला नाहीं. तो चालला मोडीवर, म्हणजे खुर्द्यावर. होनांचे व मोहोरांचे उल्लेख आम्ही इतिहासांत पदोपदीं वाचतों. मीठमिरची ज्या नाण्यानें घरीं आली त्याची वास्तपुस्त मात्र फारशी कोणी करीत नाहीं. आज घरोघर डब्यांत व खणांत सुट्टीं नाणीं सांचून पडलीं आहेत. त्यांचें काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक आहे. पण त्याचा इतिहास पाहिला असतां तो तसा राहत नाहीं.

मोडीची गरज आपल्याकडे फार पूर्वींच ओळखली गेली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत चांदीच्या पणाबरोबर तांब्याचा माषक व काकणी यांचाहि विचार केलेला आहे. जेथें तांबें पुरलें नाहीं तेथें समुद्र धांवून आला. मालदीव बेटांतील कवड्या बंगाल्यांत शतकानुशतकें मोड म्हणून चालत; चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहण व चार काहणांचा रुपया, या हिशेबानें एका रुपयास ५१२० कवड्या होत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिल्हेट जिल्ह्याचा सरकारी वसूलसुद्धां कवड्यांतच गोळा होत असे. एक रुपयाचे इतके तुकडे करण्याची गरज ज्या समाजास पडते, तेथील गरिबाची एका वेळची खरेदी किती लहान असेल, याचा वाचकांनीं विचार करावा.

महाराष्ट्रांत हें काम शिवराईनें केलें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरें धारण करणारें हें तांब्याचें नाणें पेशवाई बुडाल्यावरहि कित्येक वर्षें बाजारांत चालत होतें. राज्य गेलें तरी भाजीवालीच्या गांठीला शिवराई उरली, कारण तिच्यावांचून तिचा व्यवहारच होत नव्हता. मात्र त्या काळीं रुपयास पैसे किती, हें प्रमाण सर्वत्र एकसारखें नसे. तें स्थळकाळाप्रमाणें बदले, आणि मोड देतांना सराफ आपला बट्टा कापून घेई. रुपयांत व्यवहार करणाऱ्या सावकारास त्याची झळ थोडी. ज्याची सारी मिळकतच पैशांत, त्या मजुरास मात्र ती रोज लागे.

१८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत १८० ग्रेन वजनाचा, त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला, एकाच तोलाचा रुपया सुरू झाला. पुढें तांब्याच्या नाण्यांनाहि शिस्त लागून रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै हा हिशेब मुलांच्या तोंडीं बसला. चवली, पावली व अधेली हीं नांवें घरगुती झालीं. ही घडी दोन महायुद्धांनीं विसकटली. १९१७ सालीं चांदी इतकी महागली कीं रुपयांतील धातु रुपयाहून मोलवान् ठरूं लागली. तेव्हां एक रुपयाच्या नोटा निघाल्या, १९१८ मध्यें अडीच रुपयांचीहि नोट आली, अमेरिकेकडून वीस कोटी औंस चांदी मिळवावी लागली, आणि चवली चांदी टाकून तांबें-निकेलच्या चौकोनी रूपांत अवतरली.

दुसऱ्या युद्धांतील प्रसंग तर अधिक बोधप्रद आहे. १९४० मध्येंच, आपल्या गरजेहून अधिक नाणीं मिळविणें हा सरकारनें गुन्हा ठरविला होता. तरीहि १९४२-४३ मध्यें मोड इतकी दुर्मिळ झाली कीं दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजीं टपालाचीं तिकिटें देऊं लागले, बिकानेर, जुनागड यांसारख्या संस्थानांनीं पैशा-आण्यांचीं कागदी कुपनें काढलीं, आणि १९४३ मध्यें तांबें वांचविण्यासाठीं मधोमध भोक असलेला हलका पैसा पाडावा लागला. त्याच वर्षीं लाहोरास नवी टांकसाळ उघडली. महागाई व युद्धाचा वाढता व्यवहार हीं याचीं कारणें खरींच. पण साठवण हेंहि एक कारण होतें. सोनें दडविण्यास तिजोरी लागते. पैसा-आणा दडविण्यास कपाटांतला एक डबा पुरतो, आणि तसा डबा बहुतेक प्रत्येक घरीं असतो. एका घरानें शंभर नाणीं बाजूस ठेविलीं तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. लाखों घरांनीं ठेविलीं म्हणजे टांकसाळहि पुरी पडत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले व आणा मागें पडला. १९६४ मध्यें ‘नवा’ हें विशेषणहि गेलें. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं कायदेशीर चलन राहिलीं नाहींत. आज मोबाईलवरून पैसे चुकते करण्याची सोय झाल्यानें डब्यांतील नाणीं बाहेर पडण्याचें निमित्तहि कमी झालें आहे.

मग करावें काय? आमच्या मतें प्रथम डबा उपडा करून तीन वाटे करावेत. पैसे, आणे, पावल्या यांचा पहिला वाटा मुलांच्या हातीं द्यावा. त्यावरील राजांच्या मुद्रा, सिंह व सालें दाखवून दीडशें वर्षांचा इतिहास एका दुपारीं शिकवितां येतो. त्यांस लाखों रुपये मिळतात या आमिषास मात्र भुलूं नये. रिझर्व्ह बँकेनेंहि अशा फसवणुकीविरुद्ध लोकांस सावध केलेलें आहे. दुसरा वाटा पन्नास पैशांचा. हें नाणें अद्याप चलनांत आहे व दहा रुपयांपर्यंतच्या देण्यास कायद्यानें चालतें. तिसरा वाटा रुपया व त्यावरील नाण्यांचा. तीं हजार रुपयांपर्यंत देतां येतात. शंभर-शंभर मोजून पिशव्या बांधल्यास बँकेंतहि भरणा सुलभ होतो.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ हें खरें, आणि मुलांस काटकसरीची संवय लावणारें मातीचें बोळकें आम्हांसहि प्रिय आहे. परंतु तें भरल्यावर फोडावयाचें असतें, हें आपण विसरतों. बोळक्यांतील रुपयास व्याज नाहीं, आणि महागाई त्यास आंतल्या आंत कुरतडते. शिवाय तो तेथें पडला म्हणजे कोठेंतरी दोन रुपयांऐवजीं गोळी हातावर पडते. ती मुकाट्यानें घेणारा बहुधा तोच असतो, ज्यास त्या दोन रुपयांची खरी गरज आहे. म्हणून बँकेपेक्षांहि चांगला मार्ग म्हणजे रोज मूठभर मोड बरोबर घेऊन निघावें, आणि भाजीवाली, रिक्षावाला, बसचा वाहक यांस नेमके पैसे मोजून द्यावे. सराफाच्या बट्ट्यापासून युद्धकाळांतील टंचाईपर्यंत मोडीच्या तुटवड्याचा भार प्रत्येक वेळीं हातावर पोट असणाऱ्यांवरच अधिक पडला आहे. आपल्या घरचा डबा रिकामा केल्यानें तो थोडा तरी हलका होईल.