पुडीतली बेटे

ओल्या दगडावर वाढणाऱ्या ज्या बुटक्या हिरव्या थराला बोलीत सरसकट शेवाळ म्हणतात, त्यातील हरिता म्हणजे मॉस आणि यकृतका म्हणजे लिव्हरवर्ट यांना वनस्पतिशास्त्र शेवाळींच्या गटात घालते. त्यांना फूल, बी वा खरे मूळ नसते आणि त्यांचा प्रसार प्रामुख्याने बीजाणूंनी, म्हणजे धुळीसारख्या सूक्ष्म कणांनी होतो. दूरच्या बेटांवरील त्यांचा शोध बहुधा भलत्याच कामासाठी निघालेल्या जहाजांमुळे लागला, आणि दक्षिण हिंदी महासागरातील वृक्षहीन केर्गेलेन बेट हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

1840च्या ऐन हिवाळ्यात पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी करण्यासाठी जेम्स क्लार्क रॉसची जहाजे तेथे नांगरून राहिली असता जोसेफ डाल्टन हूकर या तरुण साहाय्यक शल्यवैद्याने जो वनस्पतिसंग्रह केला, त्यात शेवाळींचा वाटा मोठा होता. पुढे 1874मध्ये ‘चॅलेंजर’ या जहाजावरून एच. एन. मोझली, आणि शुक्राचे अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून होणारे शुक्राचे मार्गक्रमण, पाहण्यासाठी गेलेल्या ब्रिटिश तुकडीबरोबर ए. ई. ईटन तेथे पोहोचले. या दोघांनी आणलेल्या शेवाळींचा अभ्यास मात्र विल्यम मिटन या इंग्लंडमधील हर्स्टपिअरपॉइंट गावच्या औषधविक्रेत्याने घरबसल्या केला. हिंदुस्थानातील हरितांवरचा 1859चा ग्रंथही त्याचाच.

हे शक्य झाले ते पुडीमुळे. फुलझाडाचा नमुना दाबून कागदावर डकवावा लागतो. हरितेचा झुपका मात्र नुसता वाळवून घडीच्या कागदाच्या पुडीत ठेवला जातो, आणि कित्येक वर्षांनीही पाण्याचा थेंब पडताच त्याची चुरगळलेली पाने उलगडून सूक्ष्मदर्शकाखाली पेशीन् पेशी मोजण्याइतकी स्पष्ट होतात.

वाळणे सोसण्याची जी क्षमता झुपक्यात आहे, ती अनेक जातींच्या बीजाणूंतही असल्याचे विसाव्या शतकात डच अभ्यासक फान झांटन यांच्या प्रयोगांतून दिसले, आणि दक्षिण गोलार्धातील बेटांच्या शेवाळींमधील साम्य केवळ अंतरापेक्षा वाऱ्यांच्या मार्गांशी अधिक जुळते, असे 2004मध्ये उपग्रहांनी टिपलेल्या वाऱ्यांच्या नोंदींवरून दाखवण्यात आले. म्हणजे ज्या वनस्पती जहाजाने, वाळलेल्या स्थितीत, बेटांवरून बाहेर आल्या, त्यांतील अनेकींचे पूर्वज त्याआधी कितीतरी काळ वाऱ्यावरून, तसेच कोरडे, तेथे उतरले असावेत.