फॉक्स दारातच का थांबला?

मंडळी, व्हिडिओ गेम हा नातवंडांचा प्रांत. तिथे आमच्यासारख्यांचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण जिथे गोष्ट आहे तिथे मराठीचा मास्तर डोकावणारच!

सुरुवातीच्या खेळांना गोष्ट लागायची ती नावापुरती. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये एक दांडगा वानर बाईला पळवून नेतो आणि तिला सोडवायला एक सुतार शिड्या चढतो. वानराला एवढी पिंपं कोण पुरवतं, हे कुणी विचारलं नाही. पुढे खेळ कादंबरीएवढे लांबले आणि शंका सुरू झाल्या. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७'मध्ये एअरिथ मारली जाते. लढाईत पडलेल्या साथीदाराला 'फिनिक्स डाउन' देऊन उठवता येतं, मग हिलाच का नाही? खेळणारे हळहळले आणि विचारतही राहिले.

पण सगळ्यात गाजलेलं भोक २००८ च्या 'फॉलआउट ३'मधलं. अणुयुद्धानंतरचं वॉशिंग्टन, साल २२७७. नायकाच्या वडिलांचं स्वप्न एकच, सगळ्यांना शुद्ध पाणी. त्यापायी ते किरणोत्सर्गात प्राण देतात. शेवटी जलशुद्धीचं यंत्र सुरू करायला कुणीतरी तशाच जीवघेण्या खोलीत जायला हवं. शेजारी फॉक्स उभा असतो. त्या महाकाय प्राण्याला किरणोत्सर्ग बाधत नाही. थोड्याच वेळापूर्वी अशाच एका जागेतून त्याने नायकाला हवी असलेली वस्तू आणून दिलेली असते. आता मात्र तो म्हणतो, हे तुझं विधिलिखित आहे, मी मध्ये पडणार नाही! म्हणजे एक तर स्वतः मरा, नाहीतर सारा लायन्सला मरायला धाडा.

खेळणारे भडकले, आणि रास्तच भडकले. कादंबरीत लेखक सांगतो आणि आपण मानतो. इथे नियम खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने अनुभवलेला असतो. लेखकाला वडिलांसारखं मुलाचंही बलिदान हवं होतं. ते त्याने आधी ठरवलं आणि स्वतःच घालून दिलेला नियम ऐन वेळी गुंडाळून ठेवला.

२००९ मध्ये 'ब्रोकन स्टील' ही पुरवणी आली. आता फॉक्सला आत पाठवता येतं. पण गंमत अशी, की नायक स्वतः आत गेला तरी दोन आठवड्यांनी शुद्धीवर येतो! भोक बुजलं आणि त्याबरोबर बलिदानही गेलं.

मला इथे कालिदास आठवतो. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही लोकलाजेपायी नाकारतो. कालिदासाला तो थोर मनाचा हवा होता. म्हणून त्याने दुर्वासांचा शाप आणला आणि अंगठी हरवली. राजा विसरला, कारण विसरणं भाग होतं. हवा तो प्रसंग मिळाला आणि प्रेक्षकाची बुद्धीही दुखावली नाही.

फॉक्सला वाटेत जखमी करून मागे ठेवलं असतं, तरी भागलं असतं. मरण खरं वाटायला आधी बाकीच्या वाटा प्रामाणिकपणे बंद कराव्या लागतात. नाहीतर डोळ्यांत पाणी यायच्या आधी ओठांवर प्रश्न येतो.

असो. तुम्हाला अशी भोकं कुठे सापडली? जरूर कळवा.